मन्याचे एक युनिट



या वेळचा विषय वाचून काहींना हसू येईल. आमच्या सेवागटाने गेले आठ महिने एका मांजराला रोज दोन वेळा इन्सुलिन दिले, त्याविषयी लिहायचे आहे. मंडळीत याची चर्चा झाली, काहींना ते आवडले नाही, आणि एका ज्येष्ठ पंचांनी उपासनेनंतर आम्हांला थांबवून सरळ प्रश्न विचारला. त्या प्रश्नाकडे येऊच. आधी काय घडले ते सांगतो.

आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षिका आहेत. बेळगावच्या कॅम्प भागात त्या एकट्या राहतात. आमच्यातल्या दोघांना त्यांनी रविवार शाळेत शिकवले आहे, त्यामुळे लहानथोर सगळेच त्यांना ‘बाई’ म्हणतात. त्यांच्या घरी मन्या नावाचा अकरा वर्षांचा बोका आहे. गेल्या हिवाळ्यात मन्या फार पाणी पिऊ लागला. वाटी पुरेना, म्हणून न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालू लागला. खाणे भरपूर, तरी सहा किलोंचा बोका साडेचार किलोंवर आला. पुढे त्याची चालही बदलली. मागचे पाय पंजांवर न उचलता तो टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी रक्त व लघवी तपासून मधुमेह सांगितला. साखर फार दिवस चढलेली राहिली की मांजराच्या मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात. साखर ताब्यात आली तर पाय पुष्कळदा सुधारतात, असेही ते म्हणाले.

त्याच आठवड्यात बाई अंगणात पडल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते. दर बारा तासांनी इंजेक्शन देणारे कोणी असेल तर उपचार सुरू करू. नसेल तर त्याचे हाल होऊ न देता त्याला शांतपणे झोपवण्याचा विचार करावा लागेल. बाईंनी कोणाकडे काही मागितले नाही. बुधवारच्या प्रार्थनासभेत त्यांनी फक्त प्रार्थनेची विनंती केली. आम्ही पाच जण सेवागटात आहोत, त्यांपैकी एक निवृत्त नर्स. त्यांना आम्ही सिस्टर म्हणतो. सभा संपल्यावर सिस्टर म्हणाल्या, “प्रार्थना झाली. आता पाळी कोणाची कधी, ते लिहून काढू.”

सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, असे ठरले. इन्सुलिनचा सगळा खर्च बाई स्वतःच्या पेन्शनमधून करणार आणि आम्ही वेळ देणार, असेही ठरले.

पहिला धडा सिरिंजचा होता. डॉक्टरांनी ग्लार्जिन नावाचे इन्सुलिन दिले होते. माणसे घेतात तेच, एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असलेले. मन्याचा सुरुवातीचा डोस एक युनिट, म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. डोळ्यांना तो थेंबसुद्धा वाटत नाही. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन तऱ्हेच्या सिरिंज मिळतात, लाल टोपणाची यू-४० आणि नारिंगी टोपणाची यू-१००. शंभराचे इन्सुलिन चाळिसाच्या सिरिंजमध्ये भरले तर एका खुणेला अडीच युनिट जातात. माणूस कदाचित ते सोसेल, साडेचार किलोंचा जीव सोसणार नाही. म्हणून सिस्टरांनी अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली बारीक सिरिंज आणायला लावली आणि फ्रिजवर कागद चिकटवला: “शीशीवरचा आकडा, सिरिंजवरचा आकडा, मग सुई.” त्या तीन गोष्टी मोठ्याने म्हटल्याशिवाय आम्ही कोणी हात लावत नसू.

दुसरा धडा रक्त तपासण्याचा. मांजर दवाखान्यात घाबरले की नुसत्या भीतीनेच त्याची साखर चढते. दवाखान्यात मन्याचा आकडा चारशेच्या पुढे गेला होता, आणि त्याच दिवशी घरी, त्याच्या गोधडीवर, २८० निघाला. म्हणून तपासणी घरीच करायची. कोमट पाण्यात पिळलेला फडका कानाला थोडा वेळ लावायचा, म्हणजे रक्त वाहते होते. कानाच्या कडेला किंचित व्हॅसलीन, म्हणजे थेंब केसांत पसरत नाही. कानामागे कापसाचा बोळा धरून कडेला सुई टोचायची, थेंब पट्टीला लावायचा आणि मग कान जरा दाबून धरायचा. शेवटी उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा. आठवड्याभरात मन्या फडका पाहूनच कोंबडीच्या आशेने येऊन बसू लागला. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर प्रत्यक्षापेक्षा बहुधा कमी दाखवतो, म्हणून डॉक्टरांनी आमचे यंत्र एकदा प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून घेतले.

बाईंच्या घरातले खाणेही बदलले. दूध-पोळी, भात, बिस्किटे बंद. मांसाचे प्रमाण जास्त असलेले मांजराचे ओले अन्न सुरू. हा बदल डॉक्टरांना विचारूनच आणि हळूहळू करायचा असतो, कारण पिष्ट कमी झाले की इन्सुलिनची गरजही उतरते.

आता जे शिकायला आम्हांला सर्वांत जड गेले ते सांगतो. सकाळी यंत्रावर ३४० दिसले की आमच्यातल्या तरुणांचा जीव खालीवर होई. “आज अर्धे युनिट वाढवू या का?” सिस्टर नको म्हणत. एका आकड्यावरून डोस बदलायचा नसतो. डॉक्टरांनी एक दिवस ठरवून दिला आणि आम्ही बारा तास दर दोन तासांनी रक्त तपासले. सहाला ३४२, आठला २९८, दहाला २१४, बाराला १५६, दोनला १३८, चारला १८७, सहाला २७९. ही ओळ वहीत उतरली तेव्हा समजले की इंजेक्शनआधीचा आकडा आज सुई द्यायची की नाही हे ठरवायला, आणि दिवसातला सर्वांत खालचा आकडा डोस किती हे ठरवायला. सकाळच्या ३४० ला घाबरून डोस वाढवला असता तर दुपारचा १३८ धोक्याच्या खाली गेला असता.

आणखी एक नियम. सुई देताना मन्या हलला आणि थोडे औषध केसांवर सांडल्यासारखे वाटले, तर पुन्हा द्यायचे नाही. किती आत गेले हे कळत नसेल तर त्या वेळेपुरते तसेच सोडून द्यायचे. एका वेळी कमी गेल्याने सहसा फारसे बिघडत नाही, दुप्पट गेले तर जीव जाऊ शकतो. आपल्यासारख्या उत्साही सेवकांना हे पटायला कठीण. आपल्याला वाटते, प्रेम म्हणजे आणखी करणे. इथे प्रेम म्हणजे हात मागे घेणे आणि पुढच्या सहा वाजण्याची वाट पाहणे.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, तो मापाने आणि एका दिवसापुरता. उद्याची चिंता करून ज्यांनी जास्त राखून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. आम्ही हा अध्याय अनेकदा वाचला होता. फ्रिजसमोर उभे राहून शंभराव्या भागाचे माप घेताना तो नव्याने समजला. देव जे देतो ते आजच्या मापाचे असते. ते थोडे दिसते म्हणून अपुरे नसते.

पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटेची उपासना साडेपाचला होती. ज्या बहिणीची पाळी होती ती सहाला मन्याकडे जाऊन मग चर्चमध्ये आली, शेवटच्या गीताला पोहोचली. कोणी म्हणाले, आजच्या दिवशी तरी! पण शुभवर्तमान पाहा. त्या पहाटे कबरेकडे गेलेल्या स्त्रिया काही मोठे कार्य करायला निघाल्या नव्हत्या. हातात सुगंधद्रव्ये घेऊन एक नेमून दिलेले, साधे, देहाचे काम करायला त्या निघाल्या होत्या.

जुलैत, पाऊस कोसळत असताना, रात्री नऊला बाईंचा फोन आला. मन्या झोकांड्या खात होता. दोघे जण छत्री असून भिजतच पोहोचले. आकडा ५२. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे बोटाने हिरड्यांना मध चोळला. ओतला नाही, कारण अर्धवट शुद्धीतल्या जिवाच्या श्वासनलिकेत तो जाऊ शकतो. डॉक्टरांना फोन लावला. मन्या सावध झाल्यावर त्याला खायला दिले, आणि सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी रक्त तपासत राहिलो. ६१, ७४, ९०. बाई खुर्चीत बसून स्तोत्रसंहिता उघडून होत्या, पण पान उलटत नव्हते. मध्यरात्री ११८ आला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “बाळांनो, चहा टाकते.” मनगट बरे झाले तरी हात थरथरतो, त्या रात्री चहा मात्र त्यांनीच केला.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितले की उपचार लवकर सुरू झाले आणि आहार सांभाळला तर काही मांजरांचे शरीर पुन्हा स्वतःचे इन्सुलिन तयार करू लागते. मन्याची गरज कमी होत होती. मधल्या काळात दोन युनिटांपर्यंत गेलेला डोस पुन्हा एकावर आला. काही मांजरांचे इन्सुलिन पूर्ण सुटते. मन्याचे सुटलेले नाही. आम्ही याला चमत्कार म्हणत नाही. मागचे पाय तो आता पंजांवर टेकवतो आणि खिडकीच्या कठड्यावर उडी मारतो, एवढे खरे.

आता त्या पंचांचा प्रश्न. ते म्हणाले, “गरिबांना इन्सुलिन मिळत नाही, आणि तुम्ही मांजराला देता. हे प्रभूला आवडेल?” प्रश्न खवचट नव्हता. त्यांनी दारिद्र्य जवळून पाहिले आहे. आम्ही त्यांना लगेच उत्तर दिले नाही.

आम्ही वाचले तेव्हा हे कळले. १९२१ साली टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिनचे प्रयोग केले ते कुत्र्यांवर. १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला दिले गेले, आणि तो जगला. त्यानंतर सुमारे साठ वर्षे जगभरच्या मधुमेही माणसांना जे इन्सुलिन मिळाले, ते गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले होते. आपल्या आईवडिलांची पिढी मुक्या जिवांच्या देण्यावर जगली. मन्याचे एक युनिट ही त्या जुन्या ऋणाची लहानशी परतफेड समजा. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान माणसाची एक खूण सांगितली आहे, ती आपल्या जनावराच्या जिवाकडे पाहण्याची आहे. आणि योनाचे पुस्तक संपते ते देवाच्या प्रश्नाने. त्या प्रश्नात निनवेच्या माणसांबरोबर गुरेही मोजलेली आहेत.

पण खरे उत्तर आमच्या वाचनातून आले नाही. पंचांच्या प्रश्नाने आम्ही एक काम हाती घेतले. मंडळीत इन्सुलिन घेणारे कोण कोण आहेत ते विचारत आम्ही घरोघर गेलो. एका काकांकडे साखर कित्येक महिने उतरत नव्हती. त्यांनी औषधाचे सामान दाखवले. शीशी चाळिसाची, सिरिंज नारिंगी टोपणाची. आठ महिन्यांपूर्वी आमच्यातल्या कोणाच्याही ते ध्यानात आले नसते. त्या दिवशी तिघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिले. काका रोज वीस युनिट समजून घेत होते, ते प्रत्यक्षात आठच जात होते. सिस्टरांनी घरच्या घरी काही बदलले नाही. त्याच दुपारी काकांना त्यांच्या डॉक्टरांकडे नेले आणि डॉक्टरांनी डोस नव्याने बसवून दिला.

पंचांना आम्ही हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “गुरुवारची संध्याकाळ मला द्या. मन्याची नको, मला मांजर चावेल. काकांकडे मी जाईन.” आता काकांचा आकडा दर गुरुवारी पंचच वहीत लिहितात.

बंधुभगिनींनो, तुमच्या घरी मधुमेही मांजर असेल तर डोस डॉक्टरांनाच विचारा. येथे लिहिलेले आकडे मन्याचे आहेत. आणि तुमच्या शेजारी इन्सुलिन घेणारे कोणी वृद्ध असतील तर एकदा शीशी आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून आकडे जुळतात का पाहा. पाचच मिनिटे लागतात.

प्रार्थना करू या: हे प्रभो, चिमणीचीही नोंद तुझ्यापाशी आहे. आम्हांला आजच्या मापाचे प्रेम दे, नेमून दिलेल्या वेळी उठण्याचे बळ दे, आणि जिथे हात मागे घ्यायचा तिथे थांबण्याची समज दे. बाईंना, काकांना आणि तुझ्या हातच्या त्या लहान जिवाला सांभाळ. येशूच्या नावाने मागतो. आमेन.