झाडू ठेवता येणाऱ्यांचा व्यायाम

मागच्या पावसाळ्यात तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास अंग हलवा. जिम परवडत नसेल तर घरकाम करा." मोबाईलवर असले व्हिडिओ ढिगाने आहेत. फरशी पुसा, पोट कमी करा! जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगते. मी हिशेब केला आणि झाडू हातात घेतला.

उकिडवं बसून मागे सरकत दोन खोल्या पुसल्या की मांड्या भरून येतात, घाम निथळतो. खोटं कशाला सांगू, दोन महिन्यांत पॅन्ट सैल झाली. आनंदाच्या भरात आईला म्हणालो, "आई, हा तर फुकटचा व्यायाम!"

आईने बावीस वर्षे चार घरची धुणीभांडी केली. आज दोन्ही गुडघे गेलेत. कठडा धरून एकेक पायरी उतरते. ती म्हणाली, "तुझा व्यायाम झाला की तू झाडू ठिवतूस, बाळा. मला कधी ठिवता आला?"

मित्रांनो, घरकाम हाच व्यायाम असेल तर माझी आई देशातली सर्वात धडधाकट बाई असायला हवी होती! ती तशी का नाही? डेन्मार्कचे संशोधक अँड्रियास होल्टरमन यांनी २०१८ साली सहकाऱ्यांसोबत याची कारणे मांडली. पोटासाठीचे श्रम तासन्‌तास चालतात, मध्ये पुरेशी विश्रांती नसते, कधी थांबायचं ते करणाऱ्याच्या हातात नसतं. म्हणून फावल्या वेळच्या व्यायामाने हृदयाला जो फायदा होतो, तो या श्रमाने होत नाही. म्हणजे प्रश्न श्रमाचा कमी आणि विश्रांतीच्या हक्काचा जास्त आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. तो कायदा कारखान्यांचा होता. धुणीभांडी करणारीचे तास कोण मोजणार?

आणि आपल्या घरातले? २०१९ च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ २९९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ९७. तोही जे पुरुष हात लावतात त्यांचा. असे पुरुष शंभरात जेमतेम २६. आपण चळवळीतले उरलेल्या चौऱ्याहत्तरांत नाही, हे छातीवर हात ठेवून किती जण सांगू शकतील? मी तरी साखर वाढेपर्यंत त्यांच्यातच होतो. व्यासपीठावर मात्र हिंदू कोड बिलावर तासभर बोलायचो.

आईचं ऐकून बायको हसली. म्हणाली, "व्यायाम म्हणून करू नका. व्यायामाला माणूस सुट्टी घेतो. काम म्हणून करा."

तेव्हापासून फरशी माझ्याकडे आहे, साखर उतरली तरी. भांडी एक दिवसाआड. आई खुर्चीत बसून बघते आणि रोज सांगते, "दाराआडचा कोपरा राहिला."