मूल उठतें कीं बसून राहतें?

हल्लीं घरोघर एकच तक्रार ऐकूं येते : मुलें मोबाईलला चिकटून असतात. आमच्या नागपूरच्या एकत्र कुटुंबांतहि या प्रश्नावर दोन तट आहेत. तो काढून घ्या, असें एक म्हणतात; शिक्षणासाठीं असूं द्या, असें दुसरे. सेवानिवृत्त शिक्षक या नात्यानें माझें मत थोडें निराळें आहे.

श्री. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय. आय. टी. मधून इंजिनियर झालेले गृहस्थ. १९७८ सालीं पुण्याच्या टेल्कोंतून रजा घेऊन ते होशंगाबादच्या ग्रामीण शाळांतील विज्ञानकार्यांत गेले. तेथें आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनीं भूमितीचे सांगाडे बनविले. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर अशीं अनेक खेळणीं व मराठी पुस्तकेंहि विनामूल्य आहेत.

तें पाहून आमच्या नातवानें गुल खरवडलेल्या काड्यांचा चौकोन केला. बोट लावतांच तो तिरका झाला. त्रिकोण मात्र जागचा हलेना. “आजोबा, म्हणून का पुलाला त्रिकोण असतात?” त्यानें विचारलें. फळ्यावर मीं शेंकडों त्रिकोण काढले; पण असा प्रश्न वर्गांत क्वचितच आला.

तेव्हां, वाचकहो, संकेतस्थळाची परीक्षा सोपी आहे. जें पाहून मूल उठतें आणि हातांनीं कांहीं करूं लागतें, तें खुशाल घरांत येऊं द्यावें. मात्र काड्या जुळवितांना वडील माणसानें शेजारीं बसावें. तें काम कोणतेंहि यंत्र करणार नाहीं.