वॉल्व्हचे टाचण

आम्ही दोघे भाऊ चिपळूणचे. एक अब्बांच्या हाताखाली मिस्त्री झाला, दुसरा बी.एड. करून उर्दू शाळेत शिकवू लागला. पण हेडचे काम निघाले की दोघांचेही हात काळे व्हायचे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. पाणी ओसरले तेव्हा दारोदार चिखलाने भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. त्यांत एक ओम्नी होती, शाळेची मुले नेणारी. करोनामुळे तिच्या मालकाची कमाई दीड वर्ष बंद होती, वर हा पूर. तो म्हणाला, "चाचा, सील जुनेच घाला. नुसती चालू करून द्या."

अब्बा म्हणाले, "बेटा, सील वाचवशील आणि दर महिन्याला तेल ओतशील."

सील म्हणजे रबराची छोटीशी टोपी. ती गाईडच्या डोक्यावर बसते आणि वॉल्व्हच्या दांडीवरून जास्तीचे तेल खाली उतरू देत नाही. उष्णतेने रबर कडक झाले की तेल झिरपते. मग सकाळी गाडी सुरू करताना निळा धूर निघतो. कुंभार्ली घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, तेव्हा इंजिनाची ओढ तेल आत खेचते. खाली येऊन पाय दिला की पुन्हा धूर. काढलेले सील परत घालायचे नाही, कारण काढतानाच त्याची कड दुखावते.

ओम्नीला तीन सिलिंडर आणि सहा वॉल्व्ह. पुराच्या पाण्याने सीटवर गंज चढला होता. पेस्ट लावून एकेक वॉल्व्ह त्याच्याच सीटवर घासायचा, सगळीकडून सारखा राखाडी पट्टा उमटेपर्यंत. मग रॉकेलने असे धुवायचे की पेस्टचा कणही राहू नये. नंतर प्लग लावून, हेड उलटे ठेवून खोलग्यात रॉकेल ओतायचे. एका एक्झॉस्टमधून थेंब पाझरला. गंजाची खोच राहिली होती. तो वॉल्व्ह आम्ही पुन्हा घासला. बाहेर चार गाडीवाले खोळंबले होते, पण अब्बांनी मान वर केली नाही.

त्यानंतर सील. आधी स्प्रिंगखालची चकती, मग गाईडवर सरळ दाबून सील. वॉल्व्हच्या दांडीला तेल लावायचे. तिच्या टोकाच्या खाचेला धार असते, ती सीलची कड कापते, म्हणून वॉल्व्ह हळूच फिरवत आत घालायचा. मग स्प्रिंग, वरची टोपी, आणि स्प्रिंग दाबून दोन लॉक. लॉक ग्रीसने खाचेत चिकटून राहतात. शेवटी लाकडी हातोडीने हलकेच टकटक, लॉक नीट बसावेत म्हणून. अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. लॉक बसला की नाही ते ते बोटाने पाहायचे.

४ ऑक्टोबर २०२१ ला शहरात आठवीपासूनचे वर्ग भरले. ओम्नीत बसणारी छोटी मुले मात्र घरीच राहिली. मालकाने पैसे हप्त्याहप्त्याने, पुढच्या वर्षापर्यंत दिले. अब्बांनी एकदाही विचारले नाही. गाडीने धूर मात्र सोडला नाही.

बी.एड.ला आम्हाला पाठाचे टाचण काढायला शिकवले होते: पूर्वज्ञान, उद्दिष्टे, कृती, मूल्यमापन. अब्बांच्या कामात हे सगळे होते, फक्त कुठे लिहिलेले नव्हते. गाडीचे मॅन्युअल इंग्रजीत, अब्बांचा हिशेब उर्दूत, आणि गॅरेजात शिकायला येणारी पोरे वाचतात मराठी. म्हणून आम्ही दोघांनी ते काम वहीत उतरवले, मराठीत. एकाने सांगितले, दुसऱ्याने लिहिले.

ओम्नी बनणे २०१९ मध्येच थांबले. विजेच्या गाडीत तर वॉल्व्हच नसतो. तरी वहीची पाने तेलकट होत चालली आहेत. पोरे ती उघडून पाहतात, इतके आम्हाला पुरे.