नारेश्वरची वाट

बडोद्याच्या जुन्या मराठी वस्तीत गुरुवारची संध्याकाळ कानांनी ओळखता येते. दिवेलागण झाली, उदबत्तीचा वास जिन्यापर्यंत आला, की एखाद्या घरातून आरतीचे मराठी शब्द आणि त्यांच्यापाठोपाठ ‘दत्तबावनी’चे गुजराती शब्द ऐकू येतात. बावन्न ओळींचे ते स्तोत्र श्रीरंग अवधूतांनी 1935 मध्ये गुजरातीत रचले आणि आमच्याकडच्या आयाबायांनी ते मराठी हेलात आपलेसे करून टाकले. आमची आई ते नेमाने म्हणत असे. तिला गुजराती लिपी येत नव्हती. तिच्या वहीत ते बाळबोध अक्षरांत उतरवलेले होते, आणि त्याच पानात कडुनिंबाचे एक वाळलेले पान जपून ठेवलेले होते. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी ती आमच्या वडिलांबरोबर नारेश्वरला गेली होती, तेव्हा ते तिने आणले होते. त्या वेळी अवधूत हयात होते.

आम्ही मात्र दूरचे प्रवासी. तिशी उलटली, नोकरी स्थिरावली, संसार मार्गी लागला, आणि नेमक्या त्याच सुमारास मनाला एक हुरहूर जडली. काही उणे नव्हते, तरी काहीतरी हाती यायचे राहिले आहे असे वाटे. मग आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर बसलो, गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर नाहिलो, कृष्णेच्या पात्रातल्या कुरवपूरला होडीने गेलो. गिरनारच्या सुमारे दहा हजार पायऱ्या तीनदा चढलो. तेथला रोपवे 2020 मध्ये सुरू झाला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. प्रत्येक ठिकाणी चार दिवस चित्त निवे, आणि परतीच्या गाडीत पाऊल टाकताच तीच हुरहूर पुन्हा शेजारी येऊन बसे.

आम्ही सामान बांधू लागलो की आई म्हणे, “अरे, मला एकदा नारेश्वरला नेशील का?”

“पुढच्या गुरुवारी नक्की,” असे आम्ही म्हणत असू. नारेश्वर बडोद्याहून अवघे साठएक किलोमीटर. इतक्या जवळच्या जागेला कधीही जाता येते, म्हणून जाणे झाले नाही. 2011 साली आई गेली. वही आमच्याकडे आली, आणि आम्ही ती कपाटात ठेवून दिली.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही उभयतांनी गरुडेश्वरला जायचे ठरवले. डभोईवरून रस्ता जातो. डभोई ते मियागाम ही छोट्या रुळांची गाडी 1862 साली प्रथम बैलांनी ओढली होती. आता त्याच डभोईवरून केवडियापर्यंत रुंद रुळांचा मार्ग 2021 पासून सुरू आहे. सरदार पटेलांचा 182 मीटर उंचीचा पुतळा 2018 मध्ये उभा राहिल्यापासून या वाटेवर मोटारींची रीघ असते. गरुडेश्वरपाशी आमची मोटार त्या रांगेतून बाहेर वळली आणि एकदम शांतता पसरली.

येथे श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबेस्वामी, यांची समाधी आहे. सावंतवाडीजवळच्या माणगावात 1854 साली जन्मलेला हा सत्पुरुष. 1891 मध्ये संन्यास घेतल्यावर त्यांनी हिमालयापासून दक्षिणेपर्यंत भारत पायी पालथा घातला. चातुर्मासापुरते एखाद्या गावी थांबायचे, की पुन्हा चालू लागायचे. 1913 चा चातुर्मास त्यांनी येथे केला आणि 1914 साली येथेच देह ठेवला. समाधीसमोर बसून आम्ही मनाशी हिशेब मांडत होतो : स्वामी तेवीस वर्षे चालले, तेव्हा थांबले. आम्ही आगगाडीने, मोटारीने हिंडलो. कदाचित आमचे चालणेच कमी पडले असेल.

सायंकाळी घरी परतलो. आईची धाकटी बहीण, आमची मावशी, गेली काही वर्षे आमच्याकडेच असते. वय चौऱ्याऐंशी. प्रसाद हातावर घेत ती म्हणाली, “नारेश्वरला गेला असतात तर मीही आले असते रे. ताई फार सांगायची तिथलं.”

आम्ही सवयीने “पुढच्या गुरुवारी” असे म्हटले, आणि शब्द तोंडातून निघताच दोघेही गप्प झालो. त्या रात्री कपाटातून वही काढली. पान जागेवर होते. शिरा तेवढ्या शाबूत होत्या.

पुढच्या गुरुवारी आम्ही खरेच निघालो. मावशीच्या पाठीशी उशी, पायांशी पाण्याची बाटली, मांडीवर आईची वही. करजणकडचा हा मुलूख काळ्या जमिनीचा. कापूस फुटलेला होता, कडेने तूर डोलत होती. हमरस्ता सोडून मोटार खेड्यांमधून नर्मदेकडे वळली, तशी मावशी सरसावून बसली.

नारेश्वर हे नर्मदेच्या उत्तर तीरावरचे स्थान. 1925 साली अवधूत येथे येऊन राहिले, तेव्हा हे निबिड रान होते आणि भोवतालच्या गावांचे स्मशानही. आज मंदिर आहे, यात्रेकरूंची ये-जा आहे. ज्या कडुनिंबाखाली त्यांनी तप केले, तो वृक्ष भाविक आवर्जून पाहतात. त्याची पाने कडू लागत नाहीत अशी श्रद्धा आहे. मावशी त्या झाडाकडे बराच वेळ पाहत उभी होती. “ताईचं पान इथलंच,” एवढेच ती म्हणाली.

अवधूतांचे घराणे आपल्यासारखेच, महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेले. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील देवळे. वडील विठ्ठलपंत वळामे गोध्र्याच्या विठ्ठल मंदिरात पूजाअर्चा करीत. तेथेच 1898 मध्ये पांडुरंगाचा जन्म झाला. मूल लहान असतानाच वडील प्लेगात गेले आणि रुक्मिणीबाईंनी दोन मुलांना एकटीने वाढवले. पुढे पांडुरंगाने गांधीजींच्या असहकाराच्या हाकेसरशी कॉलेज सोडले, गुजरात विद्यापीठाची पदवी घेतली, अहमदाबादेत शिक्षकी केली. मन मात्र लहानपणापासून दत्तचरणी होते. टेंबेस्वामींचे दर्शन त्यांना बालपणीच नृसिंहवाडीस घडले होते. असे असूनही, चरित्रकार सांगतात, धाकटा भाऊ नारायण मिळवता होईपर्यंत थांब, असे आईने म्हटले, आणि ते थांबले. मगच नर्मदातीर. पुढे वृद्ध आई नारेश्वरलाच येऊन राहिली आणि या विरक्ताने तिची अखेरपर्यंत सेवा केली. तिच्या स्मरणार्थ तेथे मातृशैल आहे. 1968 च्या नोव्हेंबरात हरिद्वारला अवधूतांनी देह ठेवला, तरी त्यांना आणले ते या नारेश्वरलाच.

हे सारे आम्ही पूर्वी वाचलेले नव्हते असे नाही. पण मातृशैलापुढे मावशीचा हात धरून उभे असताना ते प्रथमच नीट कळले. आणि मग गरुडेश्वरचा आमचा हिशेबही चुकीचा ठरला. टेंबेस्वामींनी संन्यास घेतला तो पत्नीला गोदाकाठी गंगाखेड येथे देवाज्ञा झाल्यावर, चौदाव्या दिवशी. तोवर ते तिच्यासह गृहस्थाश्रमात होते. तेवीस वर्षांची पायपीट आम्हांला दिसली; तिच्या आधीचे हे थांबणे आमच्या नजरेतून सुटले होते. जवळचे देणे दोघांनीही ओलांडून टाकले नव्हते. आम्ही मात्र ते मागे ठेवून पुढे गेलो, आणि मन पुन:पुन्हा मागे का वळते म्हणून देवाला विचारीत राहिलो.

उन्हे कलल्यावर मावशीला घाटाच्या वरच्या पायरीवर बसवले. अमरकंटकापासून लांबची वाट चालून आलेली नर्मदा येथे समुद्राच्या दिशेने संथपणे जात असते. मावशीने डोळे मिटून दत्तबावनी सुरू केली. निम्म्यावर गाडी अडली. ओठ हलत होते, शब्द येईना. आम्ही वही उघडली, आईच्या अक्षरांतली ती ओळ शोधली आणि वाचून दाखवली. मावशीने मान हलवली व पुढे म्हणू लागली. आणखी दोनदा असेच झाले. गावोगावच्या संगमांवर डोळे मिटून बसताना जी स्वस्थता आम्ही मुद्दाम आणू पाहत होतो, ती त्या वेळी आली होती का, हे सांगता येणार नाही. कारण बोट ओळीवरून ढळू नये, याकडेच आमचे सारे लक्ष होते.

निघताना ते जुने पान नर्मदेत सोडावे असा विचार मनात आला. मावशीने हात आडवा धरला. “राहू दे वहीतच. खूण हवी ना.”

आईला नारेश्वरला नेले नाही हे शल्य नर्मदेनेही धुतले नाही, आणि ते धुतले जावे अशी अपेक्षाही आता नाही. शोध संपला असेही आम्ही म्हणणार नाही. मात्र त्या दिवसापासून दर गुरुवारी दिवेलागणीला मावशीच्या खाटेशी बसतो. ती म्हणते, अडते. आम्ही ओळ वाचून देतो. जेमतेम दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ आम्हांला कुठेही जायचे नसते.