गोळीबंद पाक आणि आवरलेला हात

नारळाची वडी जमते म्हणजे फजही जमणारच, असं धरून माझ्या वर्गाला मराठी मैत्रिणी येतात. ते अर्धंच खरं. पाक दोन्हीकडे गोळीबंदच लागतो, पण वडीला आपण कडा सुटेपर्यंत हात थांबू देत नाही आणि फजला नेमका तोच आवरावा लागतो. मिठाईच्या धंद्यात मला हेच शिकवणं सर्वांत अवघड जातं.

माझा वर्ग भरतो ते बर्मिंगहॅम हे चॉकलेटचं गाव. जॉन कॅडबरीनं १८२४ साली बुल स्ट्रीटवर दुकान टाकलं, तेव्हा तो चहा-कॉफीबरोबर प्यायचं चॉकलेट विकायचा. क्वेकर पंथाचा माणूस, त्याला दारूला पर्याय हवा होता. त्याच्या मुलांनी १८७९ मध्ये कारखाना बोर्नव्हिलला नेला. तिथलं रेल्वे स्टेशन आजही जांभळं आहे. फज मात्र इथला नव्हे. अमेरिकेतल्या व्हासार कॉलेजच्या एमेलिन हार्ट्रिजनं १८८८ मध्ये तिथल्या लिलावासाठी ३० पौंड फज केला होता. आपल्या लोकांना विचाराल तर फज लोणावळ्याचा!

४५० ग्रॅम साखर, २७५ मिली निळ्या झाकणाचं (साय न काढलेलं) दूध, ४० ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर आणि मोठा चमचाभर गोल्डन सिरप घ्या. भांडं खोल हवं, दूध वर येतं. साखर पूर्ण विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळा, कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशनं खाली उतरवा. उकळी फुटली की चमचा बाजूला. सिरप वगळू नका. त्यातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे साखर सहजासहजी खडे धरत नाही. ११४-११५ अंशांना गॅस बंद. थर्मामीटर नसेल तर गार पाण्यात थेंब टाका, बोटांत मऊ गोळी वळली पाहिजे.

आता वर ४५ ग्रॅम बटर ठेवा आणि भांड्यापासून लांब जा. ४५ अंशांपर्यंत, म्हणजे बूड हाताला कोमट लागेपर्यंत, ढवळायचं नाही, भांडं हलवायचंही नाही. गरम पाक ढवळला की थोडेच खडे धरतात आणि तेच मोठे होत जातात. खाताना रवा लागतो. गार झालेल्या पाकात साखर मावेनाशी झालेली असते. तो घोटला की एकदम असंख्य बारीक कण तयार होतात, इतके बारीक की जिभेला कळतही नाहीत. लाकडी उलथन्यानं जोर लावून घोटा. काळंभोर, चकाकतं मिश्रण हळूहळू जड होतं, रंग किंचित फिका पडतो, उलथन्यामागची रेघ टिकू लागते आणि मग चकाकी जाते. लगेच बटर लावलेल्या ताटात ओता. इथे फोन उचललात तर फज भांड्यातच बसला समजा.

कंडेन्स्ड मिल्कमध्ये चॉकलेट वितळवून मायक्रोवेव्हमध्ये करतात तोही फजच म्हणवतो. तिथे पाकच नसतो, कोको बटर गोठतं म्हणून वडी पडते. मुलांच्या वाढदिवसाला ठीक आहे. फराळाच्या ताटात मी तो ठेवत नाही.

वेलदोडा घालू का, असं दर दिवाळीत कुणीतरी विचारतंच. घाला, पण घोटताना. उकळत्या पाकात त्याचा वास उडून जातो. आणि फज रवाळ झालाच तर टाकू नका. कपभर पाणी घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवा, पुन्हा ११५ अंशांपर्यंत न्या. दुसऱ्या खेपेलाही तो तितकाच मऊ होतो.