पित्तच ते

मला लहानपणापासून पित्ताचा त्रास. त्यामुळे इंजेक्शन सुरू झाल्यावर मळमळायला लागलं, तेव्हा आमसुलाचं सार करून प्यायले आणि गप्प बसले.

वय 51, वजन 94 किलो, त्यात बीपी. गुडघे जिना चढताना वाजायचे. दिवाळीनंतर डॉक्टरांनी टिर्झेपटाइड लिहून दिलं. 2025 च्या मार्चमध्ये आपल्याकडे आलेलं हे औषध आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं. पहिले चार आठवडे 2.5 मिलिग्रॅम, मग 5. दर रविवारी फ्रिजमधून काढायचं, चहाआधी टोचून मोकळं व्हायचं.

भूक गेलीच. होळीला पुरणपोळीवर तुपाची धार धरली आणि मला काहीच वाटलं नाही. जन्मात पहिल्यांदा! अर्ध्या पोळीत पोट तट्ट. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. या औषधाने पोट रिकामं व्हायलाच वेळ लागतो, म्हणून ढेकरा सडक्या अंड्याच्या वासाच्या. शौचाचे हाल, ते इसबगोलवर निभावले. न्हाणीच्या जाळीत केसांचे पुंजके. पण सहा महिन्यांत 14 किलो उतरले, ब्लाउज आत घ्यावे लागले. भिशीतली एकजण म्हणाली, "मलाही एक आणून दे ना." जणू मी कोथिंबीर आणायला निघाले होते.

मग एका रात्री उजव्या बरगडीखाली कळ आली, ती पाठीतून खांद्यापर्यंत. ओवा चावला. दुसऱ्यांदा सोडा घेतला. तिसऱ्यांदा लेकीने ऐकलं नाही, रिक्षात घातलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे.

"आधी का नाही सांगितलंत?"

"पित्त असेल म्हणून..."

"पित्तच ते," डॉक्टर म्हणाले. वजन झपाट्याने उतरलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, जेवण कमी झाल्याने पित्ताशयही नीट रिकामं होत नाही, आणि खडे धरतात. औषधासोबतच्या कागदावर हे छापलेलं होतं. तो कागद मी खोक्यासकट रद्दीत टाकला होता.

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्याआधी भूलतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं, हा. उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं आणि भुलीत ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं.

डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शन पुन्हा घेते आहे. तुम्हीही घेत असाल, तर उजव्या बरगडीखालची कळ ओव्यावर सोपवू नका. आणि दात काढायला का असेना, भूल घ्यायची वेळ आली तर या इंजेक्शनचं नाव विचारण्याआधीच सांगा.