घरफाळ्याची पावती आणि बहिणीचा वाटा

घराच्या वाटपाला बसलेली भावंडं माझ्यापुढे पहिला कागद ठेवतात तो घरफाळ्याचा. पालिकेने मान्य केलेलं भांडवली मूल्य त्यात असतं, म्हणजे तीच घराची किंमत, असा सगळ्यांचा समज. कागद कन्नडमध्ये, त्यामुळे कुठला रकाना कशाचा हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही नीट ठाऊक नसतं. बेळगाव-निपाणी भागात मूल्यांकनाचं काम करताना या समजापायी झालेलं नुकसान मी जवळून पाहत आलो आहे. ते बहुतेक वेळा बहिणींना सोसावं लागतं.

हा आकडा कर बसवण्यापुरता काढलेला असतो. जागेसाठी मुद्रांक खात्याची गाइडन्स व्हॅल्यू, म्हणजे मुद्रांकासाठी ठरवलेला दर, आधाराला धरतात. बांधकामाला चौरस फुटाचा ठरावीक दर लावून इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करतात. पुढे कराचा दर, त्यावर आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय ६ टक्के, भिक्षुक निवारण ३ टक्के. एप्रिलमध्ये भरलं तर ५ टक्के सूट. मुळात गाइडन्स व्हॅल्यूच बाजाराच्या मागे असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती कर्नाटकभर सरासरी ३० टक्क्यांनी वाढवली. एका झटक्यात इतकी वाढ करावी लागली, यावरून आधी ती किती मागे राहिली होती ते कळतं.

बेळगावातल्या शहापूरच्या एखाद्या गल्लीतलं जुनं विणकराचं घर घ्या. दर्शनी बाजू जेमतेम चौदा फूट, पण आत शिरलं की सोपा, माजघर, मागाची खोली, शेवटी परडं आणि आड. भिंती मातीच्या, दोन्हीकडच्या सामाईक, वर कौलं. घसारा वजा करता करता कराच्या हिशेबात या बांधकामाचं मोल जवळपास संपलेलं असतं. गिऱ्हाईक मात्र भिंतींकडे बघतच नाही. समोर गाडी उभी राहते का, दुकान काढता येईल का, मागच्या बोळातून वाट आहे का, एवढंच ते विचारतं. उताऱ्यावर मयत आजोबांसकट नऊ नावं असली तर तेच घर त्याला नकोसं होतं. यातलं काहीही कराच्या फॉर्मवर नसतं.

याच्या उलटही घडतं. शहराबाहेर, एनए (बिगरशेती) न झालेल्या जमिनीवर नवा दुमजली बंगला बांधलेला असतो. बांधकाम नवं, म्हणून घसारा नाही आणि कराचा आकडा भरघोस. पण बँक कर्ज देत नाही, मग रोख मोजणारा जो भेटेल तो पाडून मागतो. बळ्ळारी नाल्याच्या कडेला तर एका पावसाळ्यात घरात पाणी आलं की दलाल तिकडे फिरकत नाहीत. कराचा आकडा तसाच राहतो.

निपाणीत मला तंबाखूच्या वखारी सगळ्यांत अवघड वाटतात. उंच छप्पर, अफाट क्षेत्रफळ, त्यावर व्यापारी दराने कर. पण वखार म्हणून घेणारा विरळाच. जो येतो तो पाडून प्लॉट किती पडतील ते मोजतो आणि भाव करताना महाराष्ट्रातल्या कागल-कोल्हापूरकडे बघतो. कराचा कायदा कर्नाटकाचा, बाजार मात्र सीमा मानत नाही.

मुद्रांकासाठी ठरवलेले दर हा बाजारभावाचा पुरावा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जवाजी नागनाथम यांच्या भूसंपादनाच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. कोर्टात जे चालत नाही ते घरच्या बैठकीत सर्रास चालतं. 'पालिकेनं एवढीच किंमत धरलीया, तुझ्या वाट्याला एवढं येतं,' असं म्हणून बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवलं जातं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित घरात मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. त्या हक्काचं मोल कराच्या आकड्यावर ठरवलं तर कागदावर समान वाटा दिसूनही तिच्या हाती त्याचा तुकडाच पडतो. मला याचा मनापासून राग येतो.

सहीआधी बहिणीने सिटी सर्व्हेचा ताजा उतारा काढावा, घर मोजून घ्यावं आणि त्याच गल्लीतली अलीकडची खरेदीपत्रं सब-रजिस्ट्रारकडून मिळवावीत. खरेदीपत्रातला आकडाही पुष्कळदा गाइडन्स व्हॅल्यूला टेकलेला असतो, म्हणून शेजारी नुकतंच घर विकलेल्या माणसाला प्रत्यक्ष भेटावं. मूल्यांकनाची फी सगळ्या भावंडांनी मिळून भरावी आणि अहवालाची प्रत प्रत्येकाच्या हाती द्यावी.